पाठ आधी

सोमवारी दुकान बंद.
म्हणजे दुकान आता रोजच बंद,
साखर पेठेतल्या त्या गाळ्यात कुणीतरी मोबाईलची कव्हरं विकतो.
पण आमच्या घरात सोमवार अजून सोमवारच आहे.
दादा खाटेवर उठून बसतात, म्हणतात, काढ.

मी धोकटी काढते.
वाटी, तुरटीचा झिजलेला खडा, निसणा,
आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा,
खोबरेल लावून ठेवलेला. करडईचं नाही.
करडई चिकटते, आठ दिवसांत पात्यावर साय धरते.
हे मला सहावीत कळलं, थप्पड खाऊन.

पट्टा खिडकीच्या गजाला अडकवते.
हा पट्टा गिरणीचा.
छतालगतच्या दांड्यावरून खाली उतरायचा,
माग फिरवायचा,
भोंगा थांबला तेव्हा थांबला.
मल्लेशम चिट्याल जॉबर होते तिथं,
दोन वर्षांच्या दाढ्या थकलेल्या त्यांच्या.
एक दिवस खांद्यावर धामण टाकावी तसा हा टाकून आले.
म्हणाले, भागवतराव, मला पगार असा मिळाला,
तुम्ही पण असाच घ्या.
दादांनी दोन हात कापून घेतला,
वही उघडून त्यांच्या नावावर आडवी रेघ मारली.
उरलेल्या पट्ट्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

दगडावर धार पुढं, पाठ मागं.
चामड्यावर पाठ आधी, धार मागून.
वळवायचं ते पाठीवरून.
धारेवरून वळवलंस की पट्टा चिरला, आणि धारही गेली.
यावर आयुष्याबद्दल चार शब्द बोलता आले असते.
दादा कधी बोलले नाहीत. ते एवढंच म्हणायचे:
मनगट.

आता त्यांना दिसत नाही. ऐकतात.
पातं सपाट बसलं तर आवाज लांब येतो,
नवं कापड हातानं फाडल्यासारखा.
उचललं गेलं की टोकाला खर्र.
"अकराव्याला वर गेलं की बे," म्हणतात.
गेलेलं असतं.

मी डावखुरी.
पट्टा त्यांच्या उजव्या हातानं झिजवलाय,
एका अंगानं खोलगट, जुन्या पायरीसारखा,
माझा हात त्या खळग्यात दर वेळी अडखळतो.
दुकानात मला घेतलं नाही, थोरल्याला घेतलं.
तो हडपसरला अर्धं ब्लेड घालतो,
गिऱ्हाईक उठलं की मोडून टाकतो.
बरोबरच आहे ते.
मी सिव्हिलला. ऑपरेशनआधी पोटं साफ करते,
दिवसाला सहा-सात,
एक माणूस, एक ब्लेड, सुयांचा डबा.
धार राखायचा प्रश्नच येत नाही.
एकदा एक म्हातारा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला,
बाई, हात कुणाचा हा?
मी म्हणाले, स्टाफचा.

मागच्या सोमवारी मल्लेशम आले, रिक्षानं,
नातवाच्या खांद्याला धरून.
गालांवर आठ दिवसांचं पांढरं.
आधी पट्ट्याकडे गेले, उलटा केला,
अंगठ्यानं चाचपत राहिले.
चारशे सतरा, म्हणाले. माझ्याच लायनीचा.
मग स्टुलावर बसले आणि मान वर केली.

दादा म्हणाले, कर.

पाणी पाचव्या दिवशी आलेलं, ड्रममधलं तापवलं.
साबण घोळवला. पट्ट्यावर वीस फेऱ्या,
दादांनी एकाही फेरीला तोंड उघडलं नाही.
जबड्याखालची कातडी डाव्या हातानं ताणायला गेले
आणि लक्षात आलं, डाव्या हातात तर वस्तरा आहे.
उजव्यानं ताणली.
मल्लेशम मध्येच तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
नातू हसला, मला सांगितलं नाही.
हनुवटीच्या खळीत एक थेंब रक्त.
तुरटी लावली.

दादा म्हणाले, पैसे घेऊ नको.
मल्लेशम म्हणाले, मग वहीत लिही.

कपाटावर बघितलं, पत्र्याच्या पेटीत बघितलं.
दोघं वाट बघत बसलेले,
एक गालावरून हात फिरवत,
एक नुसताच, कान टवकारून.
वही मिळेना.